थोरल्याची घाईची पेरणी

धाकट्या भावाच्या नाकावर टिच्चून त्याच्या पुढे राहण्यात थोरल्याचा अख्खा जन्म गेला. यंदाही कपाशी आधी आपलीच, म्हणून त्याने हाडं गोठवणाऱ्या गारठ्यात सरकी पेरली.

"माती अजून गार आहे, बी कुजेल," बायको म्हणाली.

"तू तोंड आवर!" तो खेकसला.

धाकट्याने ऊन वाढल्यावर पेरलं आणि आठवड्यात त्याच्या ओळी हिरव्या झाल्या. थोरल्याच्या रानात नुसती ढेकळं.

"त्या हलकटानेच माझं बी उकरलं!" म्हणत थोरल्याने काठी उचलली.

बायकोने मातीत बोटं खुपसली आणि कुजून लिबलिबीत झालेली सरकी त्याच्या तळहातावर आपटली.

"बी जागच्या जागी आहे. जमीन तापेपर्यंत दम धरला नाहीत. तापलं ते फक्त तुमचं डोकं!"