आठबोट्यांची दोन बोटं

आमच्या गल्लीत एके काळी एक गोष्ट कानात सांगितली जायची. 'कुणाला बोलू नका हं' अशी ताकीद देऊन सांगितली जायची, म्हणून तर ती गल्लीभर झाली. मिक्सर दुरुस्तीच्या दुकानाचे मालक, म्हणजे आमचे आठबोटे, तरुणपणी म्हणे सरहद्दीवर कसल्याशा गुप्त कामगिरीवर गेले होते. तिथे बर्फाच्या वादळात सापडले. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काळंठिक्कर पडलं. विष अंगात चढू नये म्हणून या गड्याने दोन्ही बोटं स्वतःच्या दातांनी तोडली आणि तसाच चालत चौकीवर पोचला. सरकारने तोंड उघडायला बंदी घातली आहे, म्हणून ते बोलत नाहीत.

'बोलत नाहीत' हे ऐकलं की मला हसू आवरायचं नाही. या गृहस्थाचं तोंड मिटलेलं मी एकदाच पाहिलं. तो प्रसंग पुढे येईलच.

दुकान कसलं, अरुंद बोळकांडंच ते. समोर काउंटर, त्यावर लोकांनी आणून टाकलेले मिक्सर, प्रत्येकाच्या गळ्यात वायर गुंडाळलेली. आत ट्यूबलाइटखाली एका बुटक्या स्टुलावर त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, बसायच्या. मोटर उघडायच्या, कार्बन बदलायच्या, जारचं गळकं बुश ठोकून काढायच्या, आणि हात काळे असल्यामुळे कपाळावरचे केस मनगटाने मागे सारायच्या. मालक बाहेर बाकड्यावर. गिऱ्हाईक आलं की ते तिथूनच ओरडायचे, "अगं, बघ गं यांचं काय ते!" आणि पुन्हा गोष्टीकडे वळायचे. बोटं गेल्यापासून त्यांनी पाना-पक्कड सोडली होती. आता बोटं गेलेली डाव्या हाताची, तीही कडेची. स्क्रूड्रायव्हर धरायला लागतो तो उजवा हात ठणठणीत. चहाची कपबशी, विडी, वर्तमानपत्र, पत्ते, सगळं त्याला झेपायचं. फक्त काम झेपायचं नाही. वहिनी जळक्या मोटरी उघडून उघडून आपल्याआपण शिकल्या.

आता बाकड्यावरची मंडळी सांगतो. तिघंच, पण बडबड पलटणीएवढी.

एक हवालदार. फौजेतून पेन्शन घेऊन आलेला, हे खरं. पण अख्खी नोकरी घोंगड्यांच्या कोठारात काढली. बंदूक पाहिली असेल ती परेडला. तरी बोलायला लागला की निम्म्या लढाया यानेच जिंकलेल्या असायच्या.

दुसरा शिकारी. मोठ्या लोकांच्या शिकारीच्या मोटारीत मागे डबे सांभाळून बसायचा. मचाणावर साहेब, मचाणाखाली हा, आणि मांडीवर जेवण. याच्या गोष्टीत मात्र साहेब घाबरून झाडावर चढायचे आणि रानडुकराला हा सामोरा जायचा.

तिसरा खलाशी. जहाजाच्या भटारखान्यात बटाटे सोलायचा. वादळ सुरू झालं की याला ओकाऱ्या व्हायच्या, असं याच्याच भावाने मला सांगितलंय. पण बाकड्यावर बसला की लाटा तीन मजली आणि सुकाणू याच्या हातात.

या मंडळींचा एक अलिखित करार होता. कुणाच्या गोष्टीत कुणी प्रश्न घालायचा नाही. तू माझं डुक्कर गिळ, मी तुझी लाट गिळतो. त्या जोरावर रोज संध्याकाळी थापांची अदलाबदल चालायची. एकमेकांना 'वा, वा' म्हणत जो तो घरी जायचा तेव्हा छाती चार इंच फुगलेली.

यात आठबोट्यांची हुशारी अशी, की त्यांच्याकडे स्वतःची गोष्टच नव्हती. गावाबाहेर पाऊल टाकलं असेल तर सासुरवाडीपुरतं. पण दोन बोटं गेली होती, आणि त्या भांडवलावर त्यांनी थापांचं दुकान थाटलं. समोर नुसता हवालदार असला की बोटं रानडुकराने नेली, कारण हवालदाराला शिकारीतलं काय कळतंय? शिकारी असला की बोटं चकमकीत गेली. दोघेही असले की समुद्रातल्या वादळात दोराने कापली. आणि खलाशी बसला असला की पुन्हा डुक्कर. ज्याला जे ठाऊक नाही ते त्याला सांगायचं. दोन बोटं, पण किती वेळा आणि किती ठिकाणी तुटली, त्यांनाच माहीत.

एरवी तिघांतला एखादा चुकायचाच, पण एके संध्याकाळी तिघेही एकदम आले. चौथा म्हणून मी होतो, आणि मला गप्प कुठे बसवतंय?

"काय हो आठबोटे," मी म्हटलं, "ती बोटं नेमकी कुठं गेली म्हणता? आज सगळे जाणकार जमलेत."

गाडी अडकली. डुक्कर सांगावं तर शिकारी, चकमक सांगावी तर हवालदार, दोर सांगावा तर खलाशी. आठबोट्यांनी एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. मग हात छातीशी धरला, डोळे मिटले आणि जड आवाजात म्हणाले, "काही गोष्टी सांगायच्या नसतात."

बस्स. तोंड मिटलं ते एवढंच. पण काय जादू झाली! तिघांनी माना डोलावल्या. हवालदार हळूच म्हणाला, "वरून आदेश असेल." शिकारी म्हणाला, "सरहद्दीचं काम दिसतंय." खलाशाने त्यात बर्फ घातला. दुसऱ्या दिवशी दात कुणी घातले ते मला सापडलं नाही. आठवड्याभरात आठबोटे गल्लीचे वीरपुरुष झाले. मान वर करून चालू लागले, आणि कुणी विचारलं तर नुसते उसासे टाकू लागले. उसाशाला खर्च येत नाही.

हे सगळं वहिनींच्या कानावर होतं. दोन पावलांवर तर बसायच्या. पण त्यांच्या डोक्यात वेगळीच गोष्ट घोळत होती. मिक्सरची एक कंपनी आमच्या भागात अधिकृत दुरुस्ती केंद्र देणार होती. कंपनीचा बोर्ड, कंपनीचे सुटे भाग, आणि ज्याच्या नावावर केंद्र त्याला शहरात नेऊन नव्या मोटरींचं शिक्षण. ते शिक्षण वहिनींना हवं होतं. नव्या मशिनी यायला लागल्या होत्या आणि त्या उघडताना त्या अडायच्या. त्यांनी नवऱ्याला आधीच सांगून ठेवलं होतं, "केंद्र माझ्या नावावर घ्या. जायला मलाच हवं." आठबोटे म्हणाले होते, "बाईच्या नावाचा बोर्ड? लोक मला काय म्हणतील?" लोक त्यांना काय म्हणायचे ते मी इथे लिहीत नाही.

कंपनीचा माणूस आला तो नेमका बाकडं भरलेलं असताना. चांगला होता बिचारा, हातात बॅग, घामाघूम. म्हणाला, "केंद्र कुणाच्या नावावर?"

"माझ्या," आठबोटे उठून उभे राहिले. "हिची आपली हाताखाली मदत असते. स्क्रू-बिक्रू देते हातात."

आत वहिनींचा पाना थांबला.

"मग एक मशीन उघडून दाखवा. नियम आहे."

आठबोट्यांनी डावा हात हळूच वर केला, झेंडा चढवावा तसा. "साहेब, उघडलं असतं. पण हे बघताय ना? बर्फात ठेवून आलोय. देशासाठी."

तो माणूस एकदम ताठ झाला. "माजी सैनिक? मग आधी नाही का सांगायचं! त्यांना आमच्याकडे परीक्षा नाही, नुसती सही. बरोबरचं कुणी आहे का सांगणारं?"

सगळ्यांच्या नजरा हवालदाराकडे. माणूस निदान खऱ्या फौजेतला. एक खरं वाक्य बोलला असता तर काम झालं असतं. पण आज आठबोटे पडले तर उद्या त्याच्या लढायाही पडणार होत्या. त्याने खाकरून घेतलं. "गुप्त कामाचं कुणी कुणाला सांगतं होय, साहेब? पण माणूस कसा, ते चालण्यावरून कळतं."

"अगदी!" शिकारी म्हणाला.

"डोळ्यांत दिसतं," खलाशी म्हणाला.

मला सांगा, अशा जिभांना लाज कसली?

कंपनीच्या माणसाने पेन काढलं. तेवढ्यात वहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या. "साहेब, बोटं बर्फातच गेली, हे खरंय."

आठबोट्यांचा चेहरा उजळला. बायको असावी तर अशी, असं त्यांना वाटलं असणार.

"पण तो बर्फ वरून पडत होता," वहिनी म्हणाल्या. "गारांचा. इथेच, या दारात."

"अगं, गप्प बस!"

"गप्पच होते की इतकी वर्षं! तुम्ही बाहेर बोलत होतात आणि मी आत काम करत होते. मला त्याचं काही नव्हतं. पण शिकायला मी जाणार आहे. साहेब, सांगू का पुढचं, का तुम्ही सांगताय, अहो?"

अहोंनी बाकड्यावरचं वर्तमानपत्र उचलून तोंडासमोर धरलं. वहिनींनीच सांगितलं, थोडक्यात, आणि मग काउंटरवरचं जळकं मशीन त्या माणसापुढे ओढून, बोलता बोलता उघडूनही दाखवलं. हवालदाराला अचानक औषध घ्यायची आठवण झाली. शिकारी आणि खलाशी त्याला सोबत म्हणून गेले. तिघांची तिघांना सोबत लागली, यातच त्यांचं शौर्य आलं.

केंद्र वहिनींच्या नावावर झालं. त्या शहरात जाऊन शिकून आल्या. आठबोटे अजून बाकड्यावर असतात, पण हल्ली फक्त उद्याच्या हवेबद्दल बोलतात.

वहिनींनी सांगितलं ते असं. लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात एका दुपारी गारपीट झाली. बाहेरची पाटी आत आणायला आठबोट्यांनीच बायकोला पाठवलं होतं. गारा मोठ्या पडायला लागल्या तसे ते घाबरले आणि ती बाहेर असतानाच त्यांनी आतून शटर खाली ओढलं. शटरच्या पट्टीत आणि फरशीत त्यांची दोन बोटं चिरडली. शटर बाहेरून तिने उचललं, आणि गारांनी फुटलेल्या स्वतःच्या कपाळातून रक्त येत असताना तिनेच त्यांना दवाखान्यात नेलं.