उजवीकडची पाकळी

देवीच्या उजव्या खांद्याखालची जागा मी धोतराच्या सोग्यानं पुसून कोरडी केली होती. त्याला नऊ वर्षं झाली. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्याला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्या अण्णाला तर नाहीच.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. उचगावच्या पलीकडं आमचं गाव आहे, तिथली शेती तो बघतो. मी बेळगावात मराठी माध्यमाच्या हायस्कुलात विज्ञान शिकवतो. घर वडगावात. दोन्ही बाजूंनी विणकर शेजाऱ्यांचे माग दिवसभर खडखडत असतात, हळू बोललेलं ऐकूच येत नाही. न बोलणाऱ्या माणसाला ते सोयीचं पडतं.

वहिनीला, म्हणजे अण्णाच्या बायकोला, लहानपणी सांधे धरून ताप आला होता. तिकडं कुणी लक्ष दिलं नाही. चाळिशीत कळलं की हृदयाची एक झडप निकामी होत आली आहे. बेळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करून झडप बदलावी लागेल. धोका आहे, पण नाही केलं तर आज ना उद्या हृदय थकणारच. अण्णानं सगळं शांतपणे ऐकलं, गोळ्यांची चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवली आणि बाहेर आल्यावर म्हणाला, "आणि एका डाक्टरला दाखवूया."

कोल्हापूरला गेलो. तिथल्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. परतताना कोगनोळी नाक्याजवळ चहाला थांबलो. वहिनी गाडीतच बसून राहिली. चार पावलं चालली तरी तिला दम लागायचा. अण्णानं बशीत चहा ओतला.

"दोन मतं झाली. आता तिसरं आईचं घ्यायचं."

आई म्हणजे आमची गावदेवी. मोठं काही ठरवायचं असलं की आमच्याकडं तिला कौल लावतात. मूर्तीला पाणी घालायचं, ओल्या अंगावर डावीकडं एक आणि उजवीकडं एक अशा फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवीकडची आधी पडली तर होय. डावीकडची पडली तर नाही.

"आणि डावी दिली तर?" मी विचारलं.

"तर करायचं न्हाय."

"अण्णा, दोन-दोन डॉक्टर सांगायलेत."

"डाक्टर सांगत्यात ते झडपंचं. मी हिच्याबद्दल इचारणार हाय."

गाडीतून वहिनीचा आवाज आला, "भाऊजी, तुमच्या डाक्टरला आन् आमच्या आईला एकदा समोरासमोर बसवा बघू. म्हंजे मिटलं तुमचं भांडण." आणि हसताना तिला ठसका लागला.

अण्णाच्या मनात भांडण नव्हतंच. त्याच्या एका खिशात गोळ्यांची चिठ्ठी होती, दुसऱ्यात अंगाऱ्याची पुडी. गोळ्या तो घड्याळ बघून द्यायचा, अंगारा दिवा लागल्यावर लावायचा. दोन्हीत एकदाही चूक झालेली मला आठवत नाही. माणसाला दोन्हींतलं एक निवडावंच लागतं असं वर्गात सांगत फिरणारा मी होतो.

मला भीती डाव्या कौलाची होती. देवीवर विश्वास नसलेल्या माणसाला कौलाची भीती वाटावी, हे तेव्हा मला विचित्र वाटलं नाही.

मंगळवारी सकाळी देवळात गेलो. गुरवाच्या अंगावरून वारं गेलं होतं, उजवा हात उचलत नव्हता. त्यामुळं ज्यांचा कौल त्यांच्यातलाच कुणीतरी अंघोळ करून, धोतर नेसून पाकळ्या लावत असे. आमचे चुलते तयार होऊन आले होते. अण्णानं माझ्याकडं बोट केलं.

"ह्यो लावंल."

गुरव हसला. "मास्तर? मास्तर तर आईला हातसुदिक जोडत न्हाईत."

"म्हणूनच. माझा हात हिच्या काळजीनं वळंल. काकांचा हात मला बरं वाटावं म्हणून वळंल. ह्याला देवीचं काय देणंघेणं न्हाय, ह्याचा हात सरळ पडंल."

प्रयोग करणाऱ्याचं मन कसं असावं, हे मी नववीला कितीतरी वर्षं शिकवत होतो. इतक्या थोडक्यात मला ते कधी सांगता आलं नव्हतं.

गाभारा अरुंद. मी आत, बाकीचे उंबऱ्याबाहेर, आणि मध्ये माझी पाठ. पाणी घातलं. उजवी जागा पुसली. डावीकडची पाकळी ओल्या दगडावर अंगठ्यानं दाबून बसवली, उजवीकडची कोरड्या जागी नुसती टेकवली. ओल्या दगडाला पाकळी धरून राहते, कोरड्याला राहत नाही. यात देवीचं काही नाही, पाण्याचं आहे.

बाहेरून गुरवानं गाऱ्हाणं घातलं. "आई, लेकरं दारात आल्यात. उजवं असंल तर उजवं दे, डावं असंल तर डावं दे. पर खरं दे."

त्याचं म्हणणं संपायच्या आतच उजवी पाकळी पडली.

चुलते म्हणाले, "बघ की, लगीच!" अण्णानं उंबऱ्याशी लोटांगण घातलं तो बराच वेळ उठला नाही. वहिनी घरी आली आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली. "उजवी दिलीया आईनं. आता भ्या कशाचं?"

ऑपरेशनच्या सकाळीही ती हेच म्हणत होती. फॉर्म इंग्रजीत होता. तो मी वाचून समजावून सांगितला, अण्णानं सही केली. आत नेताना वहिनीनं पुडीतला अंगारा काढून माझ्या कपाळाला लावला. "तुमचंच तोंड उतरलंय, भाऊजी."

सहाव्या दिवशी ती गेली.

डॉक्टरांचं काही चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. धोका आहे, असं त्यांनी सांगितलं होतं. कौलानं धोक्याचं काही सांगितलं नव्हतं. कौल नुसता होय म्हणाला होता, आणि ती त्या होयवर विसंबून आत गेली होती.

बाराव्यानंतर अण्णानं देव्हाऱ्यातला देवीचा चांदीचा टाक काढला, फडक्यात गुंडाळला आणि माझ्या हातात दिला. "घे. तुझ्या प्रयोगशाळेत ठेव. तुझंच खरं रं. दगूड त्यो दगूडच."

तेव्हा बोलायला हवं होतं. मी टाक घेतला.

त्यानंतर अण्णा देवळात गेला नाही. जत्रेचं निमंत्रण घेऊन माणसं आली तर त्यांना चहा पाजायचा आणि म्हणायचा, "खोटं बोलणाऱ्या बाईच्या दारात मी कशाला येऊ?" मुलीच्या लग्नात त्यानं कौल लावू दिला नाही. पोरगी रडली, आणि लग्नघरात दोन दिवस बापलेकीचं बोलणं नव्हतं. शाळेत एक सहकारी मला म्हणाला, "तुमचे बंधू सुधारले म्हणे. अभिनंदन!" संध्याकाळी दिवा लावायच्या वेळेला आता अण्णा नुसता सोप्यात बसतो. कधी गेलो तर मीही शेजारी बसतो.

गेल्या वर्षी प्रात्यक्षिकाला एका मुलीनं लंबक न हलवताच तक्त्यात आकडे भरले. उत्तर काय यायला हवं ते तिला ठाऊक होतं. एरवी मी वही भिरकावली असती. त्या दिवशी सही करून पुढं गेलो.

ऑपरेशन करावं हे माझं मत मी आजही बदललेलं नाही. अण्णाशी त्यासाठी आठवडाभर भांडलो असतो, वहिनीच्या पाया पडलो असतो, तर ते माझ्या विज्ञानाला शोभलं असतं. मी देवीच्या तोंडून बोललो. त्या दिवशी जागा पुसली नसती तर कुठली पाकळी पडली असती, मला माहीत नाही. कदाचित उजवीच. अण्णानं खरा प्रश्न विचारला होता आणि मी प्रयोग होऊच दिला नाही.

महिन्यापूर्वी तो नवे तांदूळ घेऊन वडगावला आला. जेवण झालं. सुपारी कातरता कातरता त्यानं विचारलं, "त्या दिशी पाकळी आपणहून पडलीती न्हवं रं? तूच जवळ हुतास."

शेजारी माग चालू होते. ऐकू आलं नाही असं दाखवता आलं असतं. पण त्यानं अडकित्ता खाली ठेवून पुन्हा विचारलं.

"व्हय," मी म्हणालो.

त्यानं मान डोलावली, सुपारी तोंडात टाकली. नऊ वर्षांनी तो देवीची बाजू शोधत होता, आणि साक्षीदार म्हणून पुन्हा माझ्याकडंच आला होता.

टाक माझ्या कपाटात तसाच फडक्यात आहे. तो मला त्याला परत द्यायचा आहे. आणि त्याच्यासोबत एवढंच सांगायचं आहे की त्या दिवशी आई काहीच म्हणाली नव्हती, जे म्हणालो ते मी. दोन्ही अजून राहिलेलं आहे.