धाकटी फाइल मोजून उघडते

थोरल्या जाऊबाईंना आज विचाराल तर तोंडावर हात ठेवून हसतील, पण खिडकीवर लागल्यावर पहिल्याच महिन्यात त्यांनी ठरवूनच टाकलं होतं की आपली धाकटी जाऊ म्हणजे शुद्ध चेंगट. दोघी एकाच हॉस्पिटलात कामाला. थोरली केसपेपरच्या खिडकीवर, धाकटी मागच्या कॉम्प्युटरच्या खोलीत. लॅबकडून कॉम्प्युटरवर रिपोर्टांची दाबून बांधलेली, म्हणजे झिप केलेली फाइल आली की धाकटीचा प्रोग्राम ती मोजत मोजत उघडणार, आतला पसारा मापाबाहेर गेला की थांबणार. खिडकीवर लोक ताटकळणार, आणि बोलणी कुणी खायची? थोरलीने!

त्या सकाळी एक फाइल अशीच अडली. दोघींचे साहेब तरातरा मागच्या खोलीत गेले. त्यांच्या पाठोपाठ थोरलीही, आयती गंमत बघायला.

"ती मोजणी काढ, दुपारच्या आत. एवढुशी फाइल, वर लिहिलंय आत दोन पानं."

"वर लिहिणारेही लॅबवाले, पाठवणारेही तेच, साहेब. न मोजता खरं कसं मानायचं?"

"बरं, एक मशीन बसलं तर दोन आहेत ना? म्हणून तर तीन घेतली. मोजणी निघाली नाही तर हे काम मी दुसऱ्याकडे देतोय."

धाकटीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. दोन वर्षं जीव लावून केलेलं काम ते. थोरलीची गंमत तिथेच संपली. तिने हातातला चहा गुपचूप धाकटीपुढे सरकवला.

"घे गं आधी."

"नको ताई, आधी हे होऊ दे." मग साहेबांना म्हणाली, "सरावाची तीन जुनी मशीनं आहेत. त्यांवर मोजणी काढते. तुम्हीच बघा."

फाइल उघडली. आतून कोरी पानं निघाली, हजार, लाख, थांबायचं नावच नाही. पहिलं मशीन गच्च भरलं आणि बसलं. दुसऱ्याने इमानेइतबारे तेच अर्धवट काम उचललं, तेही बसलं. मग तिसरं. सख्खी भावंडं, दुसरं काय.

"लॅबचं काहीतरी बिघडलंय," धाकटी म्हणाली. "एकसारखी कोरी पानं कितीही दाबता येतात, साहेब. उघडल्यावर कळतं."

थोरलीला खिडकीपुढची रांग आठवली. ही खरी मशीनं असती तर एकाचाही कागद निघाला नसता. तिने धाकटीच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथेच राहिला.



"मोजणी राहू दे," साहेब म्हणाले. "पण लॅबला फोन तू कर."

"मी नाही करणार," धाकटी म्हणाली.

"अगं, तुमची फाइल चुकली असं तोंडावर सांगायला कसंतरीच होतं."

"मला सांगताना नाही झालं ते?"

"मी साहेब आहे."

"म्हणूनच ते तुमचं ऐकतील."

"नंबर मी सांगते," थोरली म्हणाली.

साहेबांनी फोन उचलला.