भावाच्या हातचा बुक्का

मस्तगडात माझ्या घरासमोर देऊळ होतं. तिथल्या भजनाच्या म्होरक्यानं सख्ख्या धाकट्या भावाला घराबाहेर काढलं, तेव्हापासून मी त्या देवळाची पायरी चढलो नव्हतो. आणि तो धाकटा मात्र रोज यायचा! भावाच्याच हातून कपाळाला बुक्का लावून घ्यायचा, डोळे मिटून टाळ वाजवत डोलायचा. खिडकीतून बघताना माझा नुसता जळफळाट व्हायचा. एकदा बाहेर गाठून विचारलंच, "तुम्हाला राग कसा येत न्हाई?"

"लई येतो," टाळ धोतराला पुसत तो म्हणाला. "पण घर त्यानं घेतलं. आता देव बी त्यालाच देऊन टाकू का?"

माझा देव तर कुणी मागितलाही नव्हता. मीच देऊन बसलो होतो.