भाताविना सात आठवडे

त्या वर्षी मी सतत दमलेली असायचे. सकाळी उठल्यावरही दमलेली, आणि ड्युटीवरून परतताना तर पायात शिसं भरल्यासारखी. टेलिफोन एक्सचेंजमध्ये ट्रंकच्या बोर्डावर माझी नोकरी. कानाला हेडफोन लावून सात तास एका खुर्चीत बसायचं, लोकांचे गावोगावचे कॉल जोडून द्यायचे. दोन वाजता सुटले की नाहूरला घरी. आमची खोली तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यावर पोचले की मला कठड्याला धरून उभं राहावं लागायचं. वय छत्तीस आणि वजन बाहत्तर किलो. गुडघे साठीच्या बाईचे.

घरात आम्ही चौघं. नवरा, दहा वर्षांची मुलगी, सासूबाई आणि मी. मिल बंद पडल्यावर नवऱ्याला भांडुपच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये काम मिळालं होतं. सासूबाई मालवणकडच्या. तीस वर्षं मुंबईत काढूनही भाषा तशीच राहिलेली. त्यांना साखरेचा आजार, त्याच्या दिवसाला दोन गोळ्या. एक सकाळी नाश्त्याआधी, एक रात्री जेवणाआधी. एकही गोळी त्या कधी चुकवायच्या नाहीत.

माझ्या शेजारच्या बोर्डावर चेंबूरहून येणारी मैत्रीण होती. तिचं मूळ गाव अकोल्याकडचं, बोलणं मात्र पक्कं मुंबईचं. दोन महिन्यांत ती निम्मी झाली होती. तिनेच मला एक सायक्लोस्टाइल केलेला कागद आणून दिला. कुणाच्या तरी परदेशातल्या नातेवाइकाकडून तो फिरत फिरत आला होता. भात, चपाती, भाकरी, बटाटा, साखर, गूळ, केळं सगळं बंद. अंडी, मासे, मटण, लोणी, पालेभाज्या, काकडी हवं तेवढं.

“अगं, उपाशी राहायचंच नाहीये ना,” ती म्हणाली. “पोटभर खायचं आणि बारीक व्हायचं. महिनाभर करून बघ, यार. माझी पाठदुखी गेली.”

“आणि भात सोडून मी जगू कशी?”

“मी भाकरी सोडली, तू भात सोड. मरत नाही कुणी.”

पहिले पाच दिवस फार वाईट गेले. डोकं ठणकायचं. हात जड. बोर्डावर दोनदा चुकीचे कॉल जोडले आणि सुपरवायझरची बोलणी खाल्ली. तोंडाला एक विचित्र वास यायचा, फार पिकून काळ्या पडलेल्या फळासारखा. नवऱ्याने कूस बदलत विचारलं, “दात घासतेस ना नीट?” मी उठून चूळ भरून आले. मुलीवर तर उगाचच खेकसत होते.

त्यात स्वयंपाक दुप्पट. पाचला उठून घरच्यांसाठी भात, आमटी, चपात्या. मग माझ्यासाठी वेगळी अंडी, वेगळी पालेभाजी. कुकरची शिट्टी झाली की भाताचा वास घरभर पसरायचा आणि मी तव्यापाशी उभी राहून रोज तेच ऑम्लेट उलटत असायचे. बांगड्याचं सार केलं त्या दिवशी नुसतं सार वाटीतून प्यायले. सासूबाई समोर बसल्या होत्या. म्हणाल्या, “भात नाय तर ह्या सार केलंस कित्याक गो?”

मला रडू आलं. साराच्या वाटीपायी रडणारी मी कधीच नव्हते.

पण दुसऱ्या आठवड्यापासून काहीतरी बदललं. डोकेदुखी थांबली. भूक इतकी कमी झाली की जेवणाची वेळ टळली तरी कळायचं नाही. दुपारी घरी आल्यावर जी झापड यायची, ती गेली. घशाशी आंबट येणं बंद झालं. आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या काट्यावर उभी राहिले तर साडेतीन किलो कमी.

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, “पहिल्या दोन आठवड्यांतलं बरंचसं पाणी असतं. भात सोडला की शरीर आपला साठा वापरतं, त्याच्याबरोबर पाणीही जातं. त्यापुढचं जाईल ते खरं. आणि पोट साफ होतं का?”

“नाही.”

“होणार नाही. पालेभाजी वाढवा, पाणी प्या. फार दिवस ओढू नका. तुमची किडनी चांगली आहे म्हणून मी गप्प बसतोय.”

मी मान डोलावली. सासूबाईंचा विषय निघाला नाही. निघायचं कारणच नव्हतं. आहार माझा होता.

चौथ्या आठवड्यापर्यंत सहा किलो गेले. ब्लाउज आत घेतले. एक दिवस तिन्ही मजले न थांबता चढले आणि दारात पोचल्यावर लक्षात आलं की आपण कठडा धरलाच नाही. घरात जाऊन सासूबाईंना सांगितलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “गुडघे दुखनत नाय?” त्यांनी विचारलं. “अजिबात नाही,” मी म्हणाले, जरा तोऱ्यातच.

त्यानंतर घरात भात उरायला लागला. दुपारी पातेल्याचं झाकण काढलं की निम्मा तसाच. मला वाटलं, मुलगी शाळेतून येऊन जेवत नाही, बाहेरचं काहीतरी खाते. तिला झापलं. ती म्हणाली, मी जेवते, आजीला विचार. आजीने होकारार्थी मान हलवली. मी तांदूळ कमी घालायला सुरुवात केली आणि विषय संपवला. खरं सांगायचं तर शोध घेण्याइतकी सवड नव्हती. अंडीही लवकर संपत होती, पण ती मोजायची मला सवय नव्हती.

त्या बुधवारी मी तीनच्या सुमारास घरी आले. दार नुसतं लोटलेलं, मुलगी खाली खेळायला गेलेली. सासूबाई स्वयंपाकघरात फडताळाला टेकून जमिनीवर बसल्या होत्या. लुगडं घामाने ओलंचिंब. हात थरथरत होते. माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तरवो काढून झालो?”

तरवो म्हणजे लावणीची भाताची रोपं. त्या मला गावातली कुणीतरी समजत होत्या.

“आई, मी आहे. काय होतंय?”

“चिखलात पाय रुततत गो.”

अर्धांगाचा झटका असंच वाटलं मला. मी त्यांना आडवं करायला लागले. उशी कुठे आहे ते सुचेना. ओरडले असणार, कारण समोरची गुजराती शेजारीण धावत आली. तिच्या नवऱ्यालाही साखरेचाच आजार होता. तिने सासूबाईंच्या कपाळाला हात लावला आणि मलाच दटावलं.

“सुलाव मत. शक्कर किधर है? पहले शक्कर दो.”

“अहो, त्यांना साखर चालत नाही.”

“अभी चलती है. जल्दी!”

पाण्यात चार चमचे साखर ढवळून तिनेच पेला त्यांच्या ओठाला लावला. थोडं सांडलं, थोडं पोटात गेलं. ‘निगल लो, मांजी, निगल लो,’ असं ती म्हणत राहिली. मग घरी जाऊन तिने डॉक्टरांना फोन केला. लोकांचे फोन जोडून देणारी मी, माझ्या घरी फोन नव्हता.

दहा-पंधरा मिनिटांत थरथर थांबली. सासूबाईंनी पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, “तू कधी इलंस?”

डॉक्टर आले तोवर त्या भिंतीला टेकून नीट बसल्या होत्या. त्यांनी नाडी पाहिली, डोळे पाहिले, आणि विचारलं, “सकाळी गोळी घेतलीत?”

“घेतलंय. चुकवूक नाय.”

“आणि त्यानंतर काय खाल्लं?”

सासूबाईंनी पदर सारखा केला. मी म्हणाले, “भात-आमटी करून ठेवली होती.” डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. पुन्हा त्यांनाच विचारलं.

“अंडा,” त्या म्हणाल्या. “नि काकडी.”

“कधीपासून?”

“नऊ दिवस झाले आसतीत.”

डॉक्टर स्टुलावर बसले. रागावल्यासारखे वाटले, पण आवाज चढवला नाही. “आजी, ती गोळी रक्तातली साखर उतरवते. जेवणातून नवी साखर आलीच नाही, तरी ती थांबत नाही. असते तेवढी साखर उतरवत जाते. तुमच्या सुनेला कुठलीच गोळी चालू नाही, तिचं वेगळं. तुम्ही भात सोडायचा तर आधी गोळी कमी करावी लागते, आणि ती मी करायची, तुम्ही नाही.” मग माझ्याकडे वळले. “आज ड्युटी लांबली असती तर?”

त्यांनी बॅग बंद केली.

ते गेल्यावर मला आधी रागच आला. भीती नंतर आली.

“मला विचारलं का नाही तुम्ही?”

“इचारलंय असतंय तर तू नको म्हणाली असतंस.”

“मग उरलेला भात बघून मी मुलीला ओरडले, तेव्हा तरी?”

त्यांनी साखरेचा पेला बाजूला सरकवला. मग जमिनीकडे बघत म्हणाल्या, “माका एकदा आपणाहून खाली उतरूचा होता. कोणाचो हात धरल्याशिवाय. तुझे गुडघे बरे झाले, तर माझेय होतीत म्हटलंय.”

गेलं वर्षभर त्या फक्त डॉक्टरकडे जायला उतरायच्या, तेही माझ्या नवऱ्याच्या खांद्यावर भार टाकून, पायरीपायरीला थांबत. हे मी दर वेळी बघत होते. त्यांना खाली जावंसं वाटत असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. त्या क्षणी रडायला हवं होतं, पण मी उठून संध्याकाळच्या भाजीसाठी विळी घेतली. हाताला काम नसतं तर तिथेच झोपले असते.

दोन-तीन तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी रात्रीची गोळी बंद केली आणि सकाळची अर्धी ठेवली. नाश्त्याला एक भाकरी, दुपारी एक वाटी भात, रात्री पुन्हा भाकरी, प्रत्येक जेवणात आधी भाजी आणि डाळ, आणि दर आठवड्याला तपासणी. मोठ्या घासांची सवय असलेल्या बाईला एक वाटी भात म्हणजे थट्टाच. पहिले काही दिवस त्या वाटी बोटाने पुसून घ्यायच्या. मी बघायचे आणि नजर वळवायचे. पण त्यांना ते मानवलं. साखर अर्ध्या गोळीवर ताब्यात राहू लागली. वजनही उतरलं, माझ्यासारखं झपाट्याने नाही, महिन्याला किलोभर.

मी मात्र हट्टाने आणखी दोन आठवडे तसंच रेटलं. का, ते मला आजही धड सांगता येत नाही. बहुधा सोडलं तर त्या बुधवारचा दोष माझाच ठरेल, असं वाटत असावं. पहाटे पोटरीत गोळे यायचे. इसबगोल घेतल्याशिवाय पोट साफ होत नव्हतं. सातव्या आठवड्यातल्या रविवारी मी काही न बोलता ताटात भात वाढून घेतला. नवऱ्याने पाहिलं आणि आमटीचं पातेलं माझ्याकडे सरकवलं. तेवढंच. केस त्यानंतर गळायला लागले, फणीत पुंजकेच्या पुंजके. चार-पाच महिन्यांनी थांबले. उतरलेल्या आठ किलोंपैकी निम्मे वर्षाच्या आत परत आले.

चेंबूरच्या मैत्रिणीचं तसं झालं नाही. तिने हळूहळू एक-एक ज्वारीची भाकरी परत सुरू केली आणि वजन तिथेच राहिलं. तिला ते झेपलं. मी तिला घरातला प्रकार सांगितला, तेव्हा तिने हेडफोन उतरवून ठेवला आणि म्हणाली, “सॉरी गं.” मी म्हणाले, कागद तुझा होता, घर माझं होतं. मग बोर्डावर दिवा लागला आणि आम्ही कामाला लागलो.

सासूबाई मार्गशीर्षात एकट्या खाली उतरल्या. मी ड्युटीवर होते. शेजारणीने जिन्यातच गाठून सांगितलं, की मांजी अर्धा तास खाली बाकावर बसल्या, बायकांशी बोलल्या, आणि दोनदा थांबून वर आल्या, कुणाला हात लावू दिला नाही. मी घरात गेले तर त्या खाटेवर पाय पसरून बसल्या होत्या.

“कसं वाटलं, आई?”

“ऊन मरणाचा होता,” त्या म्हणाल्या. “ता माडाचा झाड तोडला कोणी? माका कोणी सांगूकच नाय.”

मला माहीत नव्हतं. मी रोज त्याच वाटेने जात-येत होते, पण तिथे माड होता हेसुद्धा मला आठवेना. मी चप्पल काढली, त्यांच्या शेजारी खाटेवर बसले, आणि बराच वेळ चहा ठेवायलाही उठले नाही.