जावयानं लावून दिलेला फोन

“आई, नांदेडहून परतीच्या गाड्यांच्या फलकाचा फोटो काढून ठेवलात, बरं केलंत. ऐनवेळी धावपळ नको.”

जावई एवढंच बोलला आणि हसला. मग सासऱ्यांच्या गुडघ्याची चौकशी केली आणि फोन ठेवून दिला. प्रभावती मस्तगडच्या घरात स्वयंपाकघराच्या दारात तशीच उभी राहिली. कुकरच्या शिट्ट्या तीनाच्या पाच झाल्या, तरी तिला भान नव्हतं.

नांदेडला गेल्याचं तिनं बाहेर कुणालाच सांगितलं नव्हतं, सख्ख्या भावालाही नाही. घरात फक्त नवऱ्याला, मच्छिंद्ररावांना माहीत होतं, आणि ते त्या दिवसापासून जावयाशी बोललेच नव्हते.

तिची लेक तृप्ती दिवाळीच्या तोंडावर पुण्याचं घर सोडून निघाली होती. मनगटावर नवऱ्याच्या, कल्याणच्या बोटांचे वळ होते. पाठीवरचे तिनं आईला आठ दिवसांनी दाखवले. नांदेडला एका शाळेत नोकरी मिळाली, मुलींच्या वसतिगृहात खाट मिळाली. पोलिसांच्या महिला कक्षात अर्ज दिला होता, तारीख फेब्रुवारीची पडली होती. “असशील तिथून केसाला धरून आणीन,” असं कल्याण तिला म्हणाला होता. तारखेपर्यंत तो तिच्या दारात पोचू नये, एवढीच प्रभावतीची धडपड चालली होती. आणि आता तो गावापर्यंत तर पोचलाच होता.

प्रभावती काही अडाणी बाई नव्हती. बी. ए. झालेली, बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रात सव्वीस वर्षं तुरीच्या वाणांच्या नोंदी ठेवणारी. शेतातल्या पाट्यांवरची शाई पावसानं जाते, कागद उंदीर खातात. म्हणून हातात फोन आल्यापासून तिनं प्रत्येक पाटीचा, प्रत्येक चिठ्ठीचा फोटो काढायची सवय लावून घेतली होती. औषधाची चिठ्ठी असो, लाइटबिल असो, आधी फोटो. साहेबसुद्धा काही हरवलं की म्हणत, “प्रभावतीबाईंच्या फोनमध्ये बघा.”

हा फोन कल्याणनंच दिला होता. दोन हजार तेवीसच्या धोंड्याच्या महिन्यात तो जेवायला आला, तेव्हा तिनं चांदीच्या ताटलीत तेहतीस अनारसे वाढले, आणि त्यानं पिशवीतून नवाकोरा फोन काढून सासूच्या हातात ठेवला. शेजारच्या नंदाबाई तर बघतच राहिल्या. तासभर सतरंजीवर बसून त्यानं सगळं लावून दिलं. मेल, फोटो, नकाशे, सगळं एका खात्यात. “पासवर्ड मी लक्षात ठेवतो आई, तुम्ही कशाला डोक्याला ताप करून घेता?” प्रभावतीनं त्यावर त्याला आणखी दोन अनारसे आग्रहानं वाढले होते.

दुसऱ्या दिवशी केंद्रात गेल्या गेल्या तिनं चिन्मयीला गाठलं आणि सगळं सांगितलं. चिन्मयी कॉम्प्युटरवर आकडेवारी भरायची, वयानं तृप्तीएवढीच. तिनं फोन हातात घेतला, दोन-चार ठिकाणी बोट लावलं आणि पडदा तिच्यापुढं धरला.

“ताई, हे खातं आणखी दोन ठिकाणी उघडं आहे. एक लॅपटॉप, एक मोबाईल. दोन्ही पुण्यात.”

“म्हणजे?”

“म्हणजे तुम्ही फोटो काढला की त्यांना दिसतो. कुठं गेलात ते नकाशात दिसतं. नवा नंबर साठवलात तर तोही.”

“विहिरीत टाकते मी हा फोन.”

“मुळीच नाही. आज बंद पडला तर त्यांना कळेल की तुम्हाला कळलंय. आणि मग ते आजच गाडी काढतील.” चिन्मयीनं खुर्ची जवळ ओढली. “आधी नवं घर बांधायचं, मग जुनं सोडायचं.”

तिनं स्वतःचा जुना हँडसेट दिला, त्यात नवं सिम घातलं. कुलूपबंद मेल उघडून दिला. त्यातलं पत्र लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्यालाच दिसतं, मधल्या कंपनीलाही उघडता येत नाही. निरोपांसाठीही तसंच एक अ‍ॅप घातलं. शेवटी पडद्यावर बारा इंग्रजी शब्द आले.

“हे कागदावर उतरवा. पासवर्ड विसरलात तर हीच किल्ली. हरवली तर कंपनीसुद्धा दार उघडून देऊ शकत नाही.”

“कंपनीकडंबी दुसरी किल्ली न्हाई?”

“नाही. म्हणून तर सुरक्षित.”

प्रभावतीनं बारा शब्द देवनागरीत, पाटीवर लिहावेत तसे ठळक अक्षरात उतरवले. कागद हरवला तर? आणि सव्वीस वर्षांच्या शिस्तीत वाढलेला तिचा उजवा हात आपसूक पर्सकडं गेला. तिनं फोन काढला आणि कागदाचा फोटो घेतला.

“ताई!” चिन्मयी ओरडलीच. “कोणत्या फोननं काढलात?”

प्रभावतीनं हातातल्या फोनकडं पाहिलं. जावयाचा.

फोटो पुसेपर्यंत दोन मिनिटं गेली असतील. नवं खातं मोडून दुसरं उघडायला बसल्या, तोच तो फोन वाजला. पडद्यावर कल्याणचं नाव. चिन्मयीनं हातानंच खूण केली, उचला.

“आई, काय हो हे? इंग्रजीचे शब्द पाठ करताय? लगेच पुसूनही टाकलेत.”

खिडकीबाहेर तुरीच्या ओळींत बायका शेंगा खुडत होत्या, त्यांच्या डोक्यावरच्या पदरांकडं प्रभावती बघत राहिली.

“अरे, संक्रांतीचं हळदीकुंकू आहे ना गल्लीत. बायकांना खेळ ठेवलाय. बारा शब्द एकदा ऐकायचे अन् बिनचूक म्हणून दाखवायचे. कागदच हाताशी आहे, मंग फोटो कशाला, म्हणून पुसला.”



“मजा आहे बुवा तुमची. जिंकलं कोण ते सांगा मला.”

फोन बंद झाला. त्यानं नुसतं ऐकून घेतलं की खरं मानलं, हे काही तिला कळलं नाही. चिन्मयी हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. “ताई, सव्वीस वर्षं तुम्ही नुसती तुरीवर घालवलीत.”

दुसऱ्या बारा शब्दांचा कागद प्रभावतीनं घरी नेलाच नाही. चार दिवस पोळ्या लाटताना, जिना चढताना ते शब्द पुटपुटत राहिली. कागद चिन्मयीच्या कपाटात कुलुपात गेला.

जुनी जागा त्याला नकाशात दिसली असणार, म्हणून तृप्तीला वसतिगृह बदलावं लागणार होतं. नांदेडमधल्याच नव्या ठिकाणी पालकाची सही हवी होती, तीही समक्ष. रविवार ठरला. जावयाचा फोन घरीच राहील, नेहमीसारखा चालू.

मच्छिंद्ररावांना हे काही पटेना. “जावई माणूस आहे, प्रभा. चोरासारखं लपून किती दिवस काढायचे? चार माणसं बसवू, बोलून घेऊ. गोडच बोलतो की तो.”

“गोडच बोलतो,” ती म्हणाली. “तुम्हाला खोटं बोलता येत न्हाई, हे मला ठाऊक आहे. फोन वाजला तर उचलू नका. फक्त तेवढं करा.”

रविवारी पहाटेच्या गाडीनं ती गेली. दिवसभर तिचं लक्ष थाऱ्यावर नव्हतं. स्टेशनवर कुणी वळून पाहिलं तरी ती पदर पुढं ओढून घ्यायची. सही झाली, तृप्तीची बॅग नव्या खोलीत गेली. तृप्तीनं जेवण केलं, पण दाराकडं तोंड करूनच. निघताना लेकीला जवळ घेतलं, तेव्हा हाताला तिच्या पाठीची हाडं लागली.

दिवेलागणीनंतर ती घरी पोचली. मच्छिंद्रराव ओसरीत बसले होते. दिवा लावलेला नव्हता. समोर स्टुलावर तिचा फोन होता आणि ते त्याच्याकडं कुणी परका माणूस येऊन बसावा तसे बघत होते.

“उचलला तुम्ही,” ती म्हणाली.

“तीनदा आल्ता. वाजूनच राह्यला, काय करणार?”

“मंग? काय सांगितलं?”

“पहिल्यांदा म्हणलं, भाजी आणायला गेली. दुसऱ्यांदा म्हणलं, दळण आणायला गेली.”

“अन् तिसऱ्यांदा?”

“न्हाणीत हाय म्हणलं. दुसरं सुचलंच न्हाई.”

तिला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. “काय म्हणाला तो?”

मच्छिंद्ररावांनी स्टूल जरा दूर सारलं. “पहिल्यांदाच म्हणला, ‘हो बाबा, फोन पहाटेपासून जागचा हललेला दिसत नाही.’ मी फोनचं काही बोललोच नव्हतो, प्रभा. मी आपलं भाजीचं सांगून राह्यलो, अन् हा पुण्यात बसून माझ्या स्टुलावरचा फोन बघून राह्यला. मंग दिवसभर मी इथून हललो न्हाई. जेवलो बी न्हाई. वाटलं, मी घास घेतलेला बी त्याला दिसल.”

प्रभावती त्यांच्याशेजारी बसली. फोन उचलून तिनं आतल्या खोलीत धान्याच्या कोठीवर नेऊन ठेवला, वर दोन गोधड्या टाकल्या आणि दार ओढून परत आली. मग आवाज खाली आणून म्हणाली, “नव्या जागेचा पत्ता सांगते तुम्हाला. कधी अडीअडचणीला—”

“नको.” त्यांनी हात वर केला. “मला सांगू नको. तो गोड बोलल, मी बोलून जाईन. आजच तिसऱ्यांदा तोंडाशी आल्तं, नांदेड म्हणून.”

लेकीचा पत्ता नको म्हणणारा बाप तिनं जन्मात पाहिला नव्हता.

मग त्यांनीच विचारलं, “खोलीला आतून कडी हाय का?”

“आहे. चांगली जाड आहे.”

“खिडकी?”

“आहे. गज आहेत.”

“बस,” ते म्हणाले आणि भिंतीला धरून दिवा लावायला उठले.