घरातला पिवळा बल्ब

माझी मावशी हिऱ्यांचा रंग ठरवायची. खाणीतून निघालेला जवळपास प्रत्येक हिरा किंचित पिवळट असतो, आणि तो किती पिवळट यावर त्याची किंमत पडते किंवा चढते. गिऱ्हाईक वजन विचारतं, आतले डाग विचारतं, पैलू नीट पडलेत का विचारतं; रंगाचं मात्र दुकानदारावर सोडतं, कारण त्याला तो दिसतच नाही. मावशीला दिसायचा. पिंपभर पाण्यात चहाचा एक थेंब पडावा, एवढासा पिवळेपणा तिला दिसायचा. कारखान्यात तिला सगळे ‘कावीळबाई’ म्हणत. ती चिडायची नाही, उलट तोऱ्यात मिरवायची. याच बाईला स्वतःच्या नवऱ्याचा पिवळेपणा दिसला नाही. तो का दिसला नाही हे मला सांगायचंय, कारण आमच्या नातेवाइकांनी तिच्याबद्दल नको नको ते बोलून घेतलं आहे.

तिची कामाची खोली दवाखान्यासारखी होती. भिंती पांढऱ्या, टेबलं राखाडी, खिडकी उत्तरेला. लाल-हिरवे कपडे घालून आत जायची बंदी, कारण कपड्याचा रंग हिऱ्यात उतरतो. हिरा समोरून बघायचा नाही. चमचम करून तो डोळ्यांत धूळ फेकतो. घडी घातलेल्या पांढऱ्या कागदाच्या खाचेत तो पालथा ठेवायचा, शेजारी नमुन्याचे हिरे ओळीनं मांडायचे आणि बाजूनं बघायचं. मग अक्षर द्यायचं. डी म्हणजे रंगाचा लवलेश नाही. तिथून झेडपर्यंत पिवळेपणा वाढत जातो. मालकानं एकदा एक अक्षर वर चढवायला लाडीगोडी लावली, तर ती म्हणाली, “शेठ, खुर्ची तुमची, डोळे माझे.” अक्षर बदललं नाही.

दिवसभर त्या पांढऱ्या उजेडात बसून संध्याकाळी तिचे डोळे चुरचुरत. घरी आली की म्हणायची, “आता मला कुणी काही दाखवू नका.” म्हणून घरात जाड पडदे आणि एकच मंद पिवळा बल्ब. तिचा नवरा, म्हणजे आमचे काका, गोदामात रात्रपाळीला. ती यायची तेव्हा ते निघायच्या बेतात असत. दोघांच्या वाट्याला काय यायचं, तर त्या बल्बखाली घाईघाईत घेतलेला एक चहा. सुट्टीच्या दिवशीही पडदे उघडत नसत. तिचे डोळे दुखायचे आणि काकांची झोप राहिलेली असायची. पिवळ्या दिव्याखाली रंग बघू नका, हे ती नव्या मुलींना पहिल्याच दिवशी बजावायची.

काकांच्या अंगाला खाज सुटली, तिनं साबण बदलला. पँट ढिली झाली, तर “बरं झालं, पोट उतरलं एकदाचं” म्हणून तिनंच थट्टा केली.

एकदा ती चष्मा घरी विसरली. काका झोपायचं सोडून तो द्यायला गेले. पहारेकरी ओळखीचा, त्यानं थेट खोलीपर्यंत सोडलं. काका खिडकीशी उभे राहून हसले. “घ्या कावीळबाई, तुमचे डोळे.”

मावशी चष्मा घ्यायला उठली आणि तशीच थांबली. मग तिनं त्यांना खुर्चीत बसवलं, हनुवटी धरून चेहरा बाजूला वळवला, आणि टेबलावरचा पांढरा कागद उचलून त्यांच्या डोळ्याशेजारी धरला. हे मला तिथल्या एका बाईनं नंतर सांगितलं.

“कधीपासून?” मावशीनं विचारलं.

“काय कधीपासून?” काका म्हणाले.

स्वादुपिंडात गाठ होती. डोळे पिवळे व्हायला लागले तेव्हाच आणलं असतं तर काढता आली असती, असं डॉक्टर म्हणाले. आता ती यकृतात पसरली होती. आमच्या मोठ्या मामींनी हॉस्पिटलच्या बाकावर बसून, मावशीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हटलं, “दगडातलं दिसतं हिला, माणसातलं नाही.” मला मामींचा संताप आला, अजून येतो. मावशी मात्र त्या रात्रीपासून काकांच्या खाटेशेजारून हलली नाही.

शेवटच्या आठवड्यात मी तिच्या सोबतीला होते. डोक्यावर पांढरी ट्यूब जळत होती आणि त्या उजेडात काका नखांपर्यंत पिवळे दिसत होते. दुपारी त्यांना जरा हुशारी आली. मावशीकडे बघून ते म्हणाले, “इतकी बघतेयस, तर अक्षर तरी सांग. कुठलं?”

मावशीनं त्यांचा हात हातात घेतला. “डी,” ती म्हणाली.

काका खुदकन हसले. “गेली तुझी नोकरी. जन्मात पहिल्यांदा चुकलीस.”

“दुसऱ्यांदा,” मावशी म्हणाली.

काकांनी डोळे मिटले. उजेड त्यांच्या तोंडावर येत होता, म्हणून मी ट्यूब बंद करायला उठले, तर ती माझ्यावर केवढ्यांदा तरी खेकसली.

“हात लावू नकोस! बघू दे मला.”